चार माणसांची बैठक आणि समुपदेशकाची खोली

या अंकात विवाह समुपदेशनाविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना उत्तरे देत आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि लिहिणाऱ्यांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : माझे वय ३६, लग्नाला अकरा वर्षे झाली. सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहतो. मी शिक्षिका आहे, मिस्टर पतसंस्थेत आहेत. मारहाण नाही, व्यसन नाही. पण गेली तीन वर्षे मुलांची फी आणि गॅसचा नंबर याखेरीज आमच्यात बोलणे उरलेले नाही. मागच्या दिवाळीत दोन्हीकडची वडीलधारी मंडळी बसली. दोन तास चर्चा झाली, ‘दोघांनीही जुळवून घ्या’ असे ठरले, चहा झाला आणि सगळे उठले. आठ दिवसांत पुन्हा तेच. समुपदेशकाकडे जावे असे मला वाटते. हे म्हणतात, ‘आपण काय वेडे आहोत का? घरातले बाहेर कशाला न्यायचे?’ समुपदेशक नेमके काय करतात, चांगला समुपदेशक कसा शोधायचा, आणि हे आलेच नाहीत तर मी काय करू?

उत्तर : तुमच्या त्या बैठकीपासूनच सुरुवात करतो, कारण समुपदेशन म्हणजे काय हे तिच्याशी ताडून पाहिले की लवकर कळते. त्या दोन तासांत तुम्ही दोघांनी एकमेकांना उद्देशून किती वाक्ये उच्चारली, हे आठवून पाहा. बहुधा एकही नाही. तुमच्या वतीने भाऊ बोलला असेल, त्यांच्या वतीने मामा. जमलेल्या माणसांची माया खरी असते, त्याबद्दल मला शंका नाही. पण प्रत्येक जण कोणत्या ना कोणत्या बाजूचा असतो, प्रत्येकाच्या मनात लग्नातल्या मानपानापासूनचा हिशेब असतो, आणि उठण्यापूर्वी काहीतरी ठरलेच पाहिजे अशी घाई असते. म्हणून जे ठरते ते ‘जुळवून घ्या’ एवढेच ठरते. कोणी, कशाशी आणि कसे जुळवून घ्यायचे, हा प्रश्न तसाच राहतो.

समुपदेशकाच्या खोलीत निवाडा नसतो. कोण चुकले हे तेथे ठरवले जात नाही, आणि ‘यांना जरा समजावून सांगा’ अशा अपेक्षेने येणाऱ्यांची पहिल्याच भेटीत निराशा होते. पहिल्या भेटीला बहुतेक ठिकाणी दोघांना एकत्र बोलावतात. लग्न कसे जमले, सुरुवातीचे दिवस कसे होते, केव्हापासून बिनसले, आता दोघांना काय हवे आहे, असे विचारतात. त्यानंतर बरेच समुपदेशक दोघांना एकेकदा स्वतंत्रपणे भेटतात. या स्वतंत्र भेटीचे कारण महत्त्वाचे आहे : जोडीदारासमोर सांगता येणार नाही अशी भीती, मारहाण, व्यसन किंवा दुसरे नाते असेल, तर ते येथेच कळू शकते. त्यानंतर पुन्हा दोघे एकत्र बसतात आणि खरे काम सुरू होते. एक भेट साधारण ४५ ते ६० मिनिटांची असते, सुरुवातीला आठवड्याला एक, आणि बहुतेक जोडप्यांना आठ ते वीस भेटी लागतात. दोनतीन भेटींत फरक दिसला नाही म्हणून सोडून देणारी जोडपी मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि त्याचे मला प्रत्येक वेळी वाईट वाटते, कारण तोवर नुसती ओळख होत आलेली असते.

खोलीत काय घडते, हे एका प्रसंगावरून सांगतो. तपशील बदलले आहेत. पत्नी म्हणाली, “मी विचारलं, रविवारी आईकडे जाऊ या का, तर हे म्हणाले, बघू. नेहमी बघूच.” पती म्हणाले, “बघू म्हणजे बघू. नाही म्हटलं का मी?” घरी हे भांडण येथून थेट ‘तुमच्या घरचे तसेच’ इथवर जात असे. मी पतीला विचारले, “‘बघू’ म्हणालात त्या क्षणी तुमच्या मनात काय चालले होते?” ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “रविवारी बाबांना डायलिसिसला न्यायची पाळी माझी की भावाची, ते ठरलं नव्हतं. त्याला फोन करायचा होता, आणि फोन केला की तो चिडतो.” पत्नीला हे ठाऊकच नव्हते. नंतर तिला विचारले, “तो शब्द कानावर पडला तेव्हा तुम्हाला काय ऐकू आले?” ती म्हणाली, “माझ्या माणसांची यांना पर्वा नाही, हे ऐकू आलं.” आता पतीने उत्तर द्यायचे नव्हते, तिने जे सांगितले तेवढेच आपल्या शब्दांत पुन्हा म्हणायचे होते. दोनदा त्यांचे वाक्य ‘पण’ने सुरू झाले आणि दोन्ही वेळा मी त्यांना थांबवले. तिसऱ्यांदा ते म्हणाले, “तुला वाटतं, तुझ्या आईला मी धरतच नाही.” तिने मान हलवली आणि इतका वेळ मांडीवर घट्ट धरलेली पर्स बाजूच्या खुर्चीवर ठेवली. ‘बघू’ या एका शब्दावर आमची चाळीस मिनिटे गेली. मी सल्ला असा एकही दिला नव्हता.

या कामाच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी जोडप्यांच्या संभाषणांचे वर्षानुवर्षे निरीक्षण करून नात्याला पोखरणाऱ्या चार सवयी सांगितल्या : व्यक्तीवरच ठपका ठेवणे, तुच्छतेने बोलणे, प्रत्येक गोष्टीला बचाव करणे आणि भिंतीसारखे गप्प होणे. त्यांत तुच्छता सर्वांत घातक, असे त्यांचे म्हणणे आहे आणि माझा अनुभवही तोच आहे. तुमच्या पत्रावरून मात्र मला चौथी सवय अधिक दिसते. महाराष्ट्रात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती अनेक समुपदेशक वापरतात, कारण मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी ती मराठीत आणून येथे रुजवली. त्या पद्धतीत ‘त्याने न सांगता समजून घेतलेच पाहिजे’ यासारख्या हट्टी गृहीतकांवर काम होते. भावनिक जवळिकीवर भर देणारी तिसरी एक पद्धत आहे. समुपदेशक कोणत्या पद्धतीने काम करतो हे त्याला साध्या भाषेत सांगता यायला हवे. त्यापलीकडे तुम्ही पद्धतीच्या नावात अडकू नका.

आता शोध. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे मला कर्तव्य वाटते. ‘समुपदेशक’ अशी पाटी लावण्यासाठी डॉक्टर किंवा वकील यांना लागते तशी सनद आपल्याकडे आजवर लागत आलेली नाही. मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय पदवीधर असतात आणि औषधे देऊ शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि त्यांचा नोंदणी क्रमांक तुम्हाला तपासता येतो. त्यांच्याखेरीज मानसशास्त्रात एम.ए. केलेले किंवा समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. झालेले उत्तम समुपदेशक आहेत, आणि दोन दिवसांच्या शिबिराचे प्रमाणपत्र भिंतीवर लावून बसलेलेही आहेत. म्हणून वेळ घेण्यापूर्वी फोनवरच विचारा : शिक्षण काय, जोडप्यांबरोबर काम करण्याचे वेगळे प्रशिक्षण घेतले आहे का, स्वतःच्या कामावर ज्येष्ठांचे मार्गदर्शन घेता का, शुल्क किती, आणि ठरलेली वेळ रद्द केली तर काय. हे विचारताना संकोच बाळगू नका. प्रश्न आवडले नाहीत असे समोरच्याच्या आवाजात जाणवले, तर दुसरा क्रमांक लावा. ‘तुमचे लग्न वाचवूनच दाखवतो’ अशी हमी देणाऱ्याकडे आणि पत्रिका मागणाऱ्याकडे जाऊ नका.

तालुक्याच्या गावी खासगी समुपदेशक क्वचितच मिळतो. जिल्हा रुग्णालयातील मानसिक आरोग्य विभागात चौकशी करा. स्वयंसेवी संस्थांची कुटुंब सल्ला केंद्रे अनेक शहरांत आहेत आणि तेथे शुल्क नसते किंवा नाममात्र असते. मुंबईत स्त्री मुक्ती संघटना आणि पुण्यात नारी समता मंच यांनी हे काम अनेक वर्षे केले आहे, ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली मानसिक आरोग्यासाठीची संस्था आहे. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते आणि मराठीत बोलता येते. ते जोडप्याचे नियमित समुपदेशन नव्हे, पण तुमच्या जवळ कोण आहे हे विचारायला आणि अवघड रात्री बोलायला तिचा उपयोग होतो. गावात चर्चा होईल ही तुमच्या पतींची भीती मला अनाठायी वाटत नाही. साताऱ्याऐवजी पुण्याचा किंवा कोल्हापूरचा समुपदेशक निवडून पहिली भेट प्रत्यक्ष आणि पुढच्या व्हिडिओवर, असे अनेक जोडपी करतात. त्यासाठी घरात दार लावून बसता येईल अशी एक खोली मात्र हवी. शेजारच्या खोलीत सासूबाई असतील तर दोघेही मोकळेपणाने बोलणार नाहीत. गाडी गावाबाहेर उभी करून गाडीतून बोलणारी जोडपी मला माहीत आहेत.

राहिला पतींचा नकार. ‘तुम्हाला समुपदेशनाची गरज आहे’ या वाक्याचा अर्थ त्यांच्या कानात ‘दोष तुमचा आहे’ असाच होतो. त्याऐवजी स्वतःपासून सुरुवात करा : “मला तुमच्याशी बोलता येत नाही, याचा मला त्रास होतो. मला शिकायचे आहे, एकदाच बरोबर चला. पटले नाही तर दुसऱ्यांदा म्हणणार नाही.” आणि ते शेवटचे वाक्य पाळा. समुपदेशक कोण असावा हे त्यांना निवडू द्या. पुष्कळ पुरुष पुरुष समुपदेशकाकडे किंवा वयाने मोठ्या व्यक्तीकडे अधिक सहज जातात. तरीही आले नाहीत तर तुम्ही एकट्या जा. दोघांच्या नाचात एकाने पाऊल बदलले की दुसऱ्यालाही बदलावे लागते, हे मी वारंवार पाहिले आहे. एक सांभाळा : समुपदेशक काय म्हणाले ते घरी येऊन पुराव्यासारखे त्यांच्यापुढे ठेवू नका, कारण त्या दिवशी त्यांच्यासाठी ते दार कायमचे बंद होईल.

प्रश्न : आम्ही पिंपरीत एका समुपदेशकांकडे चार वेळा गेलो. प्रत्येक वेळी त्या मलाच प्रश्न विचारतात, बायकोला काहीच म्हणत नाहीत. शिवाय एकट्याच्या भेटीत मी त्यांना विश्वासाने सांगितले की दोन वर्षांपूर्वी ऑफिसमधील एका सहकारी स्त्रीबरोबर माझे काही महिने संबंध होते, आता नाहीत. त्या म्हणतात, हे पत्नीला सांगण्याचा विचार करा. त्यांनी बाजू घेतली आहे, असे मला वाटते. समुपदेशक बदलू का?

उत्तर : तुमच्या पत्रात दोन तक्रारी आहेत आणि त्या वेगळ्या करून पाहायला हव्यात. प्रश्न तुम्हालाच विचारले जातात, ही तक्रार चार भिंतींबाहेर न नेता पुढच्या भेटीत पहिल्या पाच मिनिटांत त्यांच्यासमोर मांडा. चांगला समुपदेशक हे ऐकून चिडत नाही. आपल्याकडून तोल ढळला का हे तो तपासतो, आणि ढळला असेल तर कबूल करतो. पुष्कळदा कमी बोलणाऱ्या जोडीदाराला बोलते करण्यासाठी त्याला जास्त विचारले जाते, आणि त्याला ते उलटतपासणीसारखे वाटते. त्यांचे उत्तर ऐकून समाधान झाले नाही तर बदला. तो तुमचा हक्क आहे. फक्त पत्नीशी बोलून बदला, तिला न सांगता नाही.

दुसरी गोष्ट अवघड आहे. जोडप्याच्या समुपदेशनात अशील म्हणजे पती नव्हे आणि पत्नीही नव्हे, त्या दोघांमधले नाते होय. एकाचे गुपित पोटात ठेवून समुपदेशक दोघांसमोर बसला, तर दुसऱ्याशी तो प्रामाणिक राहत नाही. म्हणून स्वतंत्र भेटीत सांगितलेले किती गुप्त राहील, हे समुपदेशकाने पहिल्याच दिवशी दोघांना सांगायला हवे. तुम्हाला ते सांगितले गेले नसेल तर ती त्यांची उणीव आहे आणि तुमचा राग त्या अंशाने रास्त आहे. तरी त्यांनी ती गोष्ट तुमच्या पत्नीला स्वतः सांगितली नाही, तुम्हाला विचार करायला वेळ दिला, हे लक्षात घ्या. ती बाजू घेणारी वागणूक नाही. केव्हा आणि किती सांगायचे याची तयारी त्यांच्याबरोबर दोनतीन स्वतंत्र भेटींत करता येते, आणि रात्री अकरा वाजता रागाच्या भरात सांगून टाकण्यापेक्षा ते फार वेगळे असते. समुपदेशक बदलला तरी हे गुपित नव्या खोलीत तुमच्याबरोबर येणारच आहे.

प्रश्न : नवरा दारू पिऊन मारतो. पोलिसांकडे गेले तर म्हणाले, आधी समुपदेशन करून घ्या. सासरचेही म्हणतात की समुपदेशकासमोर बसून मिटवू. मी जाऊ का?

उत्तर : ताई, मार चालू असताना जोडप्याने समोरासमोर बसण्याचे समुपदेशन करू नये, आणि कोणत्याही प्रशिक्षित समुपदेशकाने ते सुरू करू नये. खोलीत तुम्ही खरे बोललात तर त्याची किंमत त्याच रात्री घरी मोजावी लागू शकते, आणि खोटे बोललात तर भेटीला अर्थ नाही. शिवाय मारहाण हा दोघांमधला वाद नाही, त्यामुळे त्यात दोघांनी मधला मार्ग काढायचा नसतो. तुम्ही स्वतःसाठी, एकट्याने मदत घ्या. १८१ हा महिलांसाठीचा मदत क्रमांक आहे, आणि जिवाला धोका असेल तेव्हा ११२. राज्यातील अनेक पोलीस ठाण्यांच्या आवारात महिला व बालकांसाठी विशेष साहाय्य कक्ष आहेत. टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर १९८४ मध्ये सुरू केलेल्या कामातून ते उभे राहिले आणि तेथे प्रशिक्षित समाजसेविका बसतात.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा २००५ चा आहे. त्यातील कलम १४ नुसार न्यायदंडाधिकारी समुपदेशनाचा आदेश देऊ शकतात, पण त्याच्या नियमांत दोन गोष्टी आहेत आणि त्या तुम्ही लक्षात ठेवा : पुन्हा हिंसा करणार नाही अशी हमी मारणाऱ्याने द्यायची असते, आणि ‘तिने चिडवले म्हणून मारले’ असे समर्थन तेथे त्याला करता येत नाही. तक्रार नोंदवण्याआधी समुपदेशन करून घेतलेच पाहिजे अशी अट या कायद्यात कोठेही नाही. या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे किंवा थेट न्यायालयात तुम्हाला अर्ज करता येतो. दारूवर स्वतंत्र उपचार लागतात. पुण्यातील मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे काम करीत आहे आणि व्यसनी माणसांच्या पत्नींसाठीही तेथे गट चालतो. दारू सुटली, मार थांबला आणि तुम्हाला निर्धास्त वाटू लागले, तर आणि तेव्हाच एकत्र बसण्याचा विचार करा. बसायचे की नाही, ते सासरच्यांनी नव्हे, तुम्ही ठरवायचे आहे.

प्रश्न : आमचा घटस्फोटाचा अर्ज कौटुंबिक न्यायालयात आहे. न्यायालयाने विवाह समुपदेशकांकडे पाठवले आहे. तेथे बोललेले आमच्याविरुद्ध वापरले जाईल का? वकील बरोबर नेता येतो का?

उत्तर : कौटुंबिक न्यायालय कायदा १९८४ चा, महाराष्ट्रात पुणे आणि मुंबई येथील कौटुंबिक न्यायालये १९८९ मध्ये सुरू झाली. समेटाची शक्यता असेल तेथे तसा प्रयत्न करणे हे कलम ९ नुसार न्यायालयाचे कर्तव्य आहे, म्हणून तुम्हाला पाठवले आहे. या समुपदेशकांना वेगळे शुल्क द्यावे लागत नाही. महाराष्ट्रातील नियमांनुसार त्यांच्यासमोर केलेली विधाने आणि त्यांनी केलेल्या नोंदी गोपनीय असतात, आणि त्यांना साक्षीला बोलावता येत नाही. तडजोड झाली तर ती लिहून न्यायालयापुढे ठेवली जाते. मुलांचा ताबा किंवा घरची परिस्थिती याविषयी न्यायालयाने स्वतंत्र अहवाल मागवला तर गोष्ट वेगळी, म्हणून ही भेट कोणत्या कामासाठी आहे हे आरंभीच विचारून घ्या. वकील समुपदेशकाच्या खोलीत बसत नाहीत; तुम्ही दोघांनीच बोलायचे असते.

येथील समेटाचा अर्थ पुन्हा एकत्र राहणे एवढाच नाही. कटुता न वाढवता वेगळे होणे, पोटगी ठरवणे, मुलांना कोणी केव्हा भेटायचे ते ठरवणे, हेही याच खोलीत होते. परस्पर संमतीने वेगळे व्हायचे ठरले तर हिंदू विवाह कायद्यात सहा महिन्यांचा प्रतीक्षाकाळ आहे. योग्य प्रकरणात न्यायालय तो माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले. एक विनंती आहे : भेटीचे चोरून रेकॉर्डिंग करू नका. ते उघडकीस आले की मुलांच्या बाबतीत पुढे वीस वर्षे ज्याच्याशी बोलावे लागणार आहे, त्याचा उरलासुरला विश्वासही तुम्ही गमावाल.

प्रश्न : मुलगा आणि सून दर शनिवारी समुपदेशकांकडे जातात. आम्हाला काहीच सांगत नाहीत. मुलाचा स्वभाव मला जितका माहीत आहे तितका त्या बाईंना कसा कळणार? मी एकदा जाऊन त्यांना भेटू का? (एक आई, नाशिक)

उत्तर : आजी, तुमची काळजी मला समजते, परंतु जाऊ नका आणि फोनही करू नका. समुपदेशक तुमच्याशी त्यांच्याविषयी बोलणार नाहीत. ती दोघे तेथे येतात हेसुद्धा त्या तुम्हाला सांगणार नाहीत, आणि तसेच असायला हवे. तुमची मदत लागली तर त्या दोघांच्या संमतीने तुम्हाला बोलावतील, तेव्हा अवश्य जा. तोपर्यंत शनिवारी संध्याकाळी नातवंडांना तुमच्याकडे ठेवून घ्या, ती जेवून झोपतील असे बघा, आणि दोघे परत आली की काय झाले ते विचारू नका. त्यांची ताटे झाकून ठेवा आणि तुम्ही तुमच्या खोलीत जा. कधीकधी अशा दिवशी दोघांना एकत्र जेवायचे असते.